मशीनमधला हात

शुक्रवार पेठ, सोलापूर
२४ ऑगस्ट २०२५

भीमाभाऊजींना वच्छलाचा नमस्कार.

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. मी पिंप भरलं, कळशा भरल्या आणि उरलेल्या पाण्यात ह्यांच्या पॉलिशच्या मशीनची लोकरीची पॅडं धुतली. पॉलिश वाळून लोकरीच्या गाठी झालेल्या असत. त्या बोटांनी सोडवायच्या, पॅड पिळायचं आणि दोरीवर उलटं टांगायचं. ती पॅडं माझ्या लुगड्याशेजारी वाळताना दिसली की शेजारच्या मायाक्का हमखास विचारायच्या, "काय गं, आज मेंढरं धुतलीस व्हय?" मग भाकरी थापल्या, शेंगांची चटणी कुटली. ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. "ऱ्हाऊ दे, उद्या बघू," म्हणाले आणि अनवाणीच मागच्या शेडमध्ये गेले. तिथे एक गाडी धुऊन उभी होती, तिला पॉलिश करायचं होतं. मी चहा नेऊन दिला. कप आणायला गेले तेव्हा ते बॉनेटपाशी पडले होते आणि मशीन ओल्या फरशीवर गरगरत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

तुम्ही विचारलंत की दादा पॅडं कशी धुवायचे, म्हणून हे सगळं आठवलं. ते धुवायचेच नाहीत, मी धुवायची.

वर्षश्राद्धाला तुम्ही मशीन मागितलंत आणि मी दिलं. शेडमध्ये गंजण्यापेक्षा तुमच्या अंगणात चाललेलं बरं. अक्कलकोटला जाणाऱ्या गाड्या तुमच्या दारावरूनच जातात. पण ते तुमच्या यंत्रमागासारखं एका जागी बसून चालणारं यंत्र नाही, ते माणसाला ओढतं. म्हणून हे जे पाळायचे ते लिहिते.

पॅड आधी गाडीला टेकवायचं, मग बटण दाबायचं. हवेत चालू केलं तर पॉलिश तोंडावर उडतं. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडायची, म्हणजे पॅडमध्ये गुंडाळत नाही. गळ्यातला टॉवेल काढून ठेवायचा. तुम्हाला टॉवेलशिवाय करमत नाही हे ठाऊक आहे, तरी काढायचा. दाबायचं नाही, एका जागी थांबायचं नाही, रंग तापून करपतो. कडांना रंग पातळ असतो. तिथे पॅड कडेवरून बाहेरच्या अंगाला फिरत जायला हवं, बाहेरून कडेवर येता कामा नये. पॅड बदलताना आधी बोर्डातून पिन काढायची. तुमचे कान मागाच्या खडखडाटात गेले. मशीन चालू आहे की बंद, हे तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघत जा.

फोनवर तुम्हाला कळत नाही आणि वैष्णवीला सांगावं तर ती सासऱ्याला निम्मंच सांगते. म्हणून हे पत्र.

वच्छला

वळसंग
३० ऑगस्ट

वैनीस्नी भीमाचा नमस्कार.

पत्र पावलं. वैष्णवी म्हनली, मामा, वाचून दाखवू का? मी म्हनलं, माजे कान गेलेत, डोळे न्हाय.

तुमी लिवलं ते सगळं करतो. टॉवेल तेवढा र्‍हातो कदी कदी. मैंदर्गीच्या महादेवप्पाची पांढरी गाडी घेतली होती. बॉनेट असं झालं की त्यात तोंड बघून दाढी करावी. पन एका कोपऱ्याला मशीन जरा थांबलं आन रंगच उडाला. आतलं करडं दिसाय लागलं, किडक्या दातावानी. महादेवप्पा तोंड फाडून वरडाय लागला. मी कानाला हात लावला, म्हनलं, "आण्णा, काय ऐकू येत न्हाय." लई वेळ वरडला आन मग बिचारा स्वताच हसला. परत आनतो म्हनलाय गाडी.

आता एक सांगतो, हसू नका. मशीन हातात घेतलं की मुंग्या येत्यात, पार मनगटापतोर. पयल्या दिवशी दचकलो. मग वळखलं. मला हिरीत पवायला शिकवताना दादा असाच मनगटाला धरायचा. वैनी, दादा हाय त्यात. मी कुनाला बोललो न्हाय, पोरं येडं ठरवतील.

खंडेनवमीला मशीनला चांगली आंगूळ घालनार हाय. हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आन दादा करायचा तसं पूजेतच एकदा चालू करनार. तुमी या. हात लावून बगा.

तुमचा भीमा

शुक्रवार पेठ
५ सप्टेंबर

भीमाभाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी ते उशाशी ठेवलं आणि दिवसभर काही केलं नाही. मला हसू आलं नाही. तुम्ही हात लावून बघा म्हणालात, तेव्हा एकदा वाटलं की आत्ताच एसटी धरावी.

मग मशीनबरोबर आलेलं पुस्तक काढलं. मी तेव्हा नुकती वाचायला शिकले होते आणि ह्यांना मी पुस्तक वाचून दाखवलं होतं, एकेका शब्दावर बोट ठेवून. ते म्हणायचे, "तू वाच, मी घासतो." त्यात लिहिलंय की चालताना मशीन थरथरतं, त्याने हात बधिर होतो, तेव्हा मध्ये मध्ये थांबावं. तेवढंच असेल तर काळजी नाही.

पण एक नीट आठवून लिहा. बटण बंद असताना, नुसती पिन लावलेली असताना कधी मुंग्या आल्या का? मुद्दाम करून बघू नका. आधी कधी झालं असेल तरच लिहा.

तोवर पायात रबरी चपला असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. अंगण ओलं असेल तर मुळीच नाही. गाडी धुवायची एकीकडे, पॉलिश दुसरीकडे. आणि आंघोळ गाडीला घालतात, मशीनला नाही. खंडेनवमीला हे कोरड्या फडक्याने ते पुसायचे आणि कुंकवाचं एक बोट लावायचे. पाणी लावलेलं मी कधी पाहिलं नाही.

पत्र मिळाल्याबरोबर उत्तर टाका.

वच्छला

वळसंग
१२ सप्टेंबर

वैनी,

तुमी तर लई घाबरलात की. उभा जन्म मी मागावर काढला. पट्टे जोडले, मोटारी उतरवल्या, वायरी जोडल्या. माग दुरुस्त करनारा जॉबर होतो मी, आन तुमी मला पुस्तकातनं पिन शिकवताय व्हय?

इचारलं म्हनून सांगतो. व्हय, बंद असताना बी येत्यात. नुसती पिन लावली की येत्यात, पिन काढली की दादा जातो. म्हंजे थरथरीचं काय न्हाय ते. तुमचं तुमालाच उत्तर मिळालं की न्हाय?

आन चपलेचं म्हनाल तर चप्पल घातली की लई बारीक जानवतं. चप्पल काडली की चांगला धरतो. म्हनून मी काडूनच ठेवतो. थोरल्या भावाचा हात धरायचा आन पायात चप्पल, बरं दिसतं का ते?

दुसरं असं की ह्या मशीनला माजा बी हात लागलेला हाय. तुमाला आटवत नसंल. दादाच्या शेडातला बोर्ड जळाला होता, नव्यात तीन दांड्यांची पिन बसंना. तवा मंगळवारी मीच आलो होतो. मशीनची तीन दांड्यांची काडून दोनची बसवली. दादा म्हनला, "भीमा, माग गेला, पन हात गेला न्हाय तुजा." शनिवारी दादा गेला. माज्या हातनं त्याचं शेवटचं काम तेच झालं. ते आटवलं की बरं वाटतं.

आमच्या अंगनातल्या बोर्डाला बी दोनच भोकं हायेत. बरोबर बसली.

खंडेनवमीला या. आता न्हाय म्हनू नका.

भीमा

शुक्रवार पेठ
१६ सप्टेंबर

चि. वैष्णवी,

हे पत्र एकटी असताना वाच आणि मामांच्या हाताला लागू देऊ नकोस. काल तुला फोन लावला होता. तू "बोला, थोरल्या आत्या" म्हणालीस आणि माझ्याच्याने बोलवलं नाही. म्हणून लिहिते.

मामांना मशीन धरलं की मुंग्या येतात. त्यांना वाटतं तो दादांचा हात आहे. अगं, तो करंट आहे. मशीनच्या आत कुठेतरी ओल किंवा पॉलिशचा चुरा गेला असेल, त्यामुळे करंट त्याच्या लोखंडी अंगावर उतरतो. पिनेची तिसरी दांडी असते ती अशा वेळी तो करंट जमिनीत नेण्यासाठी. ती दांडी नसली की तो माणसातून जमिनीत जातो. चप्पल आणि कोरडी जमीन असेल तर मुंग्यांवर भागतं. अनवाणी पाय ओल्यावर असला तर भागत नाही.

आता पुढचं. ह्यांना आंघोळ घालताना उजव्या तळव्यावर एक बारीक काळा डाग होता. मला वाटलं पॉलिशचा आहे. मी खोबरेल लावून पुसत राहिले. बायका म्हणाल्या, "सोड आता, वच्छला." तो निघाला नाही. तुझ्या थोरल्या मामांनी डोकेदुखीचीसुद्धा गोळी आयुष्यात घेतली नव्हती. सगळे हृदय म्हणाले, मीही हृदयच म्हणत राहिले. मामांचं परवाचं पत्र वाचलं आणि तो डाग कशाचा होता ते कळलं.

ती तिसरी दांडी मामांनी काढली होती. भावाचं काम म्हणून, मायेने काढली. हे त्यांना कळलं तर ते उभे राहणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर ते मशीन सोडणार नाहीत. मी दोन्हींच्या मध्ये बसले आहे.

तू एवढं कर. त्यांच्या पायातली चप्पल निघू देऊ नकोस. अंगण कोरडं ठेव. जमलं तर पिन कापून लपव. खंडेनवमीला ते पहाटे आंघोळ करून ओल्या धोतराने, अनवाणी, मशीनला पाणी घालून ते चालू करणार आहेत. ते होता कामा नये. पण पिनेबद्दल चकार शब्द काढू नकोस.

तुझी थोरली आत्या

वळसंग
२२ सप्टेंबर

थोरल्या आत्या, स. न.

पत्र वाचून चुलीत घातलं.

तुम्ही सांगितलं तसं पिन कापली आणि पिठाच्या डब्यात ठेवली. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग गुरुशांतच्या दुकानातून नवी आणली, तीही दोन दांड्यांचीच, आणि माझ्यासमोर बसून जोडली. म्हणाले, "पोरी, उंदरानं कुरतडली असंल न्हाय का?" चपला मी रोज पायापाशी आणून ठेवते. ते त्या ओलांडून जातात.

शनिवारी महादेवप्पांची गाडी परत आली होती. मी नको म्हणत असताना त्यांनी ती अंगणातच धुतली आणि लगेच मशीन काढलं. मी भाकरी टाकत होते. खिडकीतून पाहिलं तर मामा गाडीवर वाकलेले. तोंड उघडं, पण आवाज नाही. मशीन एकाच जागी फिरतंय, रंगातून धूर निघतोय. मला आधी कळलंच नाही. परात टाकून धावले. मी बोर्डापाशी पोचायच्या आत लाईट गेली आणि मामा धपकन मागे बसले.

आत्या, ते हसत होते. हात पोटाशी धरून हसत होते. म्हणाले, "आज दादा सोडंनाच मला."

रात्री जेवताना त्यांचा घास हातातून पडत होता. पुण्याला ह्यांना फोन केला तर म्हणाले, सुट्टी नाही, तू मशीन विहिरीत टाक. पण मामा ते आता उशाशी घेऊन झोपतात. पूजेसाठी अंगणात चौरंग मांडायची जागाही त्यांनी सारवून घ्यायला लावली आहे. हार सांगून ठेवलाय.

मला वाटतं खरं सांगून टाकावं. रडतील, आजारी पडतील, पण असतील तरी. तुम्ही नको म्हणालात म्हणून गप्प आहे. किती दिवस गप्प बसू? तुम्ही या. ते फक्त तुमचं ऐकतील.

तुमची वैष्णवी

वळसंग
५ ऑक्टोबर

वैनी,

तुमी मशीन घेऊन गेलात, घर रिकामं झालं. खंडेनवमीला मी चौरंगावर नुसती कात्री आन पाना मांडला. वैष्णवी म्हनली, मामा, हार लई मोटा झाला. मग तो गाईला घातला.

त्या सोमवारी तुमी आलात, चहा बी घेतला न्हाय. कागद काडून लिवलंत आन माज्या नाकासमोर धरलात. "त्यांचा हात आधी माझा आहे. मशीन मला द्या." मी काय बोलनार? बायकोच्या आदी भावाचा हक्क कुटं असतो? मीच पिशवीत घालून दिलं. एसटी वळेपतोर बगत होतो, तुमी ते मांडीवर घेतलं होतं.

महादेवप्पाची गाडी आता फडक्यानं घासतोय. खांद्याचा चुरा झाला, पन रंग गेला न्हाय. तो म्हनतोय, "भीमाण्णा, पयल्यापासनं असंच करायचं होतंस की!" म्हनला असंल. ओठ बगून मी अंदाज बांधला.

वैनी, दादा येतो का तुमाकडं? खरं सांगा.

आनखी एक. हात मोकळा झाला की डोकं चालाय लागतं. वैष्णवीनं पिनच कापली. वायर कापली न्हाय, पॅड लपवलं न्हाय, पिनच. तुमी बी पत्रात पयल्यांदा पिनेचंच इचारलं. आन त्या शनिवारी माजा हात सुटंना, ते मी हसून नेलं, पन मी बी मोटारी उतरवलेला मानूस हाय. वैनी, मंगळवारी मी पिन बदलली आन शनिवारी दादा गेला. त्या पिनेचं काय होतं का? तुमी खोटं बोलत न्हाय, म्हनून तुमाला इचारतो. जेवन जात न्हाय.

भीमा

शुक्रवार पेठ
११ ऑक्टोबर

भीमाभाऊजी,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी मशीन पिशवीतून बाहेर काढलं. तुम्ही दिल्यापासून ते तसंच होतं. जमीन कोरडी होती. मी चपला घातल्या, लाकडी पाटावर उभी राहिले आणि पिन लावली. तुम्ही असं कधी करू नका, मीही पुन्हा करणार नाही. बटण दाबलं नाही. एका बोटाचं मागचं पेर टेकवलं. मुंग्या आल्या. तुम्ही लिहिलंत तशाच, मनगटाकडे चढत गेल्या.

ते नव्हते, भाऊजी. मला त्यांचा हात माहीत आहे. तो पॉलिशने फुटलेला होता, आणि ते धरायचे तेव्हा आधी जरासे थबकायचे, लाजल्यासारखे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी थबकायचे. मशीन थबकत नव्हतं. त्याला मी कोण आहे हे ठाऊक नव्हतं. तिथे तुम्ही असता, वैष्णवी असती, रस्त्यावरचं कुणीही असतं, तरी त्याने तसंच धरलं असतं. मी बोट काढून घेतलं, पिन काढली आणि पाटावरच बसून राहिले. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. पण ते गेले हे मला त्या दुपारी कळलं.

आता पिनेचं. नाही. पिनेचा काही संबंध नाही. ह्यांना हृदयाचा त्रास आधीपासून होता. गोळी चालू होती. तुम्हाला सांगू नकोस असं त्यांनीच मला बजावलं होतं, म्हणून मी कुणाला बोलले नाही. मशीन खराब झालं ते पुढे शेडमध्ये ओल लागून. तेव्हा तुमची पिन चांगली होती. मंगळवारी तुम्ही गेल्यावर ते जेवताना म्हणाले होते, भीमा आला की घर भरतं. हे मी खरं सांगते आहे. आता जेवा.

गाड्या फडक्यानेच घासा. खांदा दुखला तर वैष्णवीला शेक द्यायला सांगा. दिवाळीला मी येईन आणि चहा घेईन.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे, रागवायचं तर रागवा. त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी मी मशीन मोटारींची तार गुंडाळून देणाऱ्या रामहरीकडे नेलं. त्याच्यासमोर बसून ते पूर्ण खोलायला लावलं. वायर, पिन, गुंडाळी, लोखंड सगळं वेगळं केलं आणि वेगवेगळ्या भंगारवाल्यांना देऊन टाकलं, म्हणजे ते पुन्हा कुणाला जोडून बघता येणार नाही.

वच्छला